झेडएक्स डायरी: मर्म सोडून बॉस पाडताना

आधी गाडी कुठवर आलीय ते सांगतो. खेळ मेगा मॅन झेडएक्स, हा धावत-उड्या मारत लढायचा व्हिडिओ गेम. नॉर्मल मोड, आइल या नायिकेची फाइल, निन्टेन्डोची हातात धरायची जुनी दोन पडद्यांची डीएस आणि मूळ कार्ट्रिज. हायव्होल्ट, ल्युरेअर, फिस्टलिओ आणि परप्रिल हे चार बॉस, म्हणजे मोठे शत्रू, आडवे झाले, म्हणजे एचएक्स, एलएक्स, एफएक्स, पीएक्स ही चारही रूपं हाताशी आहेत. पण अर्धीच. बायोमेटल म्हणजे आपल्याला नवं रूप आणि ताकद देणारी वस्तू. या गेममध्ये प्रत्येक बायोमेटलचे दोन तुकडे दोन वेगळ्या बॉसकडे आहेत. पहिल्याला पाडलं की रूप मिळतं, पूर्ण ताकद मात्र दुसऱ्याला पाडल्यावर.

मेगा मॅन झीरो ही आधीची मालिका ज्यांनी गेम बॉय ॲडव्हान्सवर घासूनपुसून खेळली, त्यांना इथला हात लगेच ओळखीचा वाटेल. बनवणारे तेच, इंटी क्रिएट्स. काढणारे तेच, कॅपकॉम. 2006 साली डीएसवर आला. कथा झीरोनंतर सुमारे दोनशे वर्षांनी घडते. गिरो, सर्पंट, प्रेरी ही पात्रं आणि गार्डियन्स हा गट यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण आपल्यातले काहीजण अजून पहिल्या तासात आहेत. गिरोचा प्रसंग कुणी आधी सांगून टाकू नये, एवढंच.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. बॉसच्या अंगात जिथे बायोमेटल बसवलंय, तिथे मारलं की त्याचं आयुष्य भराभर उतरतं. कुठल्याही ॲक्शन गेमचा माणूस तिथेच तुटून पडेल. पण तिथे मारलं की बायोमेटलच फुटतं. लढाईनंतर लेव्हल मिळते: चार म्हणजे जवळजवळ धक्का न लागलेलं, एक म्हणजे भंगार. लेव्हल कमी, तर त्या रूपाची शस्त्र-ऊर्जाही कमी. नंतर गार्डियन्सच्या तळावर फ्लूव्हकडून दुरुस्त करून घेता येतं, पण त्याला ई-क्रिस्टल, म्हणजे गेममधले पैसे, मोजावे लागतात.

म्हणजे शत्रूचं मर्म डोळ्यांसमोर आहे आणि मारायचं मात्र आजूबाजूला. मला हा विचार फार आवडला. झेडएक्स या आपल्या मुख्य रूपाची तलवार तीन वारांच्या ओघात चालते आणि आपला अंगठा थांबत नाही, तिथेच खरी परीक्षा. मी आता बॉसशी लढताना पूर्ण कॉम्बो मारतच नाही. एक वार, मागे सरक, एक चार्ज शॉट (बटण दाबून धरून सोडलेली जोरदार गोळी), पुन्हा मागे. लढाई लांबते, पण बॉसची चाल तोंडपाठ होते. माझा भाचा शेजारी बसून बघत होता. त्याला सहन होईना. "मामा, तिथंच हाणा की! असं कडंकडंनं काय मारतायसा?" त्याला समजावलं की आपल्याला नुसतं जिंकायचं नाही, माल शाबूत आणायचाय. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर आकडा जपून लावणाऱ्या हमालालाच हे पटेल.

तत्त्वांचं गणित झीरोसारखंच आहे: आग विजेला भारी, वीज बर्फाला, बर्फ आगीला. म्हणून हायव्होल्टनंतर मिळालेली एचएक्सची वीज ल्युरेअरवर चालवली, आणि तिच्याकडून मिळालेला एलएक्सचा बर्फ फिस्टलिओवर. पण लवकर संपवण्याच्या मोहात नेम मर्मावर जातो. नेम जमत नसेल तर मी साधं झेडएक्सच घेतो.

रूपांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पुष्कळजण ती शस्त्रं म्हणून मोजतात, मी हातपाय म्हणून मोजतो. एचएक्स हवेत डॅश मारतं, क्षणभर तरंगतं. ते मिळाल्यावर मी आधी पुढे गेलोच नाही, मागचे भाग पुन्हा पालथे घातले, आणि खालून नुसत्या दिसणाऱ्या कपारी हाताला लागल्या. एलएक्स पाण्यात मनसोक्त पोहतं, वर खालच्या पडद्यावर नकाशात वस्तू दाखवतं. पीएक्स अंधारात कामाचं. एफएक्सच्या गोळ्यांचा मार्ग खालच्या पडद्यावर स्टायलसने आखून देता येतो, म्हणजे आडोशामागच्या शत्रूलाही वळसा घालून गोळी लागते. हे करताना भडंग खाऊ नये. जयसिंगपूरचं तर मुळीच नाही, तेल निघत नाही पडद्यावरून.

आणि साधं माणसाचं रूप! हल्ला करता येत नाही म्हणून कुणी ढुंकून बघत नाही, पण अरुंद फटीतून सरपटत जायला तेच लागतं.

नकाशा मात्र वाईट. एरिया ए, बी, सी अशी अक्षरं, त्यांचे छोटे भाग, आणि कोणतं दार कुठे उघडतं याचा पत्ता नाही. मी वहीच्या मागच्या पानावर हाताने काढलाय, तुम्हीही काढा.

सेव्ह ट्रान्सर्व्हरवरच, म्हणजे गेममधल्या ठरावीक यंत्रांपाशीच, होतं, हे रोज मिरज-कोल्हापूर गाडीत खेळणाऱ्याला जड जातं. त्यावर उपाय एकच: झाकण मिटायचं. डीएस झोपते आणि खेळ तिथल्या तिथे थांबतो. कोल्हापूरच्या अलीकडचं रुकडी स्टेशन आलं की मी नवी मिशन घेत नाही. ज्यांच्याकडे 2020 चं लेगसी कलेक्शन (झीरो आणि झेडएक्सचे खेळ एकत्र असलेला संच) आहे त्यांना सेव्ह असिस्ट मिळतं, मधे मधे चेकपॉइंट पडतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ते खुशाल चालू ठेवावं, त्यात कमीपणा काही नाही. पण दोन पडदे एकाच टीव्हीवर मांडलेले बघून मला गोंधळायला होतं. हा खेळ हातातच बरा वाटतो.

पुढचा बेत, दुसरे तुकडे ज्यांच्याकडे आहेत त्या बॉसचा: हरिकेनला एफएक्स, लेगँकरला एचएक्स, फ्लॅमोलला एलएक्स. तिघांशीही लेव्हल चारचाच हट्ट आहे, त्यामुळे वेळ लागेल. प्रोटेक्टोसला कुठलंच तत्त्व लागू पडत नाही, म्हणून त्याला शेवटी ठेवलाय. त्याचं बायोमेटल न फोडता कुणी त्याला पाडलं असेल तर कोणतं रूप वापरलं ते कळवा. मी तरी झेडएक्सची तलवार आणि लांबून चार्ज शॉट, एवढंच धरून चाललोय.