मराठी असून भरतनाट्यम का?

प्रयोग संपल्यावर भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारते, "तुम्ही मराठी, मग लावणी सोडून भरतनाट्यम का?" तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तंजावरात १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. त्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. एका निरूपणात अठरा रचना असतात. आरंभी जयजय, मग शरणु शरणु, पुढे अलारु, शब्द, वर्ण, पद असे करीत अखेर मंगळ, आणि या साऱ्या एकाच रागात, एकाच तालात एकच कथा सांगतात. आजच्या भरतनाट्यमचा क्रम ज्यांनी घडवला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे बंधूही याच दरबारातले. विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमारांनी ही निरूपणे पुन्हा नृत्यबद्ध केली आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रसिकांपुढे आणली.

मी निरूपणाकडे वळले तेव्हा तेलुगू आणि तमिळ पदे नाचण्यात बरीच वर्षे गेली होती. त्या पदांचा अर्थ वहीत शब्दाखाली लिहिलेला असे आणि हात त्या अर्थाची वाट पाहत असे. मराठी ओळ आली आणि हात शब्दाच्या आधीच निघू लागला, कारण वाक्य कुठे जाऊन संपणार हे मला ठाऊक होते. गुरूंनी तिथेच थांबवले. दुसरी अडचण "शरणु"ची. माझी पुणेरी जीभ "शरण" म्हणून मोकळी होई, शेवटचा उकार गळे, मात्रा कमी पडे आणि उचललेला पाय अधांतरी राही. भाषा माझी होती, तरी तिथे ती दक्षिणेच्या वळणाने बोलत होती, आणि ते वळण अंगात मुरायला मला कित्येक महिने लागले. माझ्या सध्याच्या प्रयोगात मी नाचता नाचता ओळी स्वतः म्हणते आणि एक मोडी जाणणारी मैत्रीण त्याच ओळी मागच्या पडद्यावर लिहीत जाते, ते याच अनुभवातून सुचले.

मात्र "म्हणजे हे आपलेच नृत्य" असे कुणी आनंदाने म्हणाले, की मी मान डोलावत नाही. शब्द राजाचे असले तरी ते नाचत आल्या त्या देवदासी घराण्यांतील स्त्रिया. त्यांच्या सदिर नावाच्या नृत्याला १९३०च्या दशकात भरतनाट्यम हे नाव रूढ झाले, उच्चवर्णीय घरांतल्या मुली ते शिकू लागल्या, १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी वाहण्यावर कायद्याने बंदी आली, आणि प्रतिष्ठेचा रंगमंच त्या घराण्यांतील बहुतेकींच्या वाट्याला आला नाही. मी ज्या रंगमंचावर उभी राहते तो असा मोकळा झालेला आहे. म्हणून जयजय संपल्यावर मी थांबते, हे सारे प्रेक्षकांना सांगते, आणि मगच "शरणु"मधला उकार पुरता उच्चारून पाय टाकते.