ठाणे, बेलापूर आणि गायचं राहून गेलेलं एक गाणं

बेलापूरच्या त्या कॅफेच्या दारातच पुठ्ठ्याची एक मोठी चौकट उभी केली होती. वर सोनेरी आकड्यांत २७, आणि कडेला सुतळीने बांधलेली दारूची रिकामी बाटली. लोक आळीपाळीने चौकटीत डोकं घालत होते, बाटली तोंडाशी धरून फोटो काढून घेत होते. तारीख ४ ऑक्टोबर, अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनचा स्मृतिदिन. आणि मी नाशिकहून खास त्यासाठी आले होते.

मामी ठाण्यात, नौपाड्यात राहते. तिच्याकडे जायचं तर मनात होतंच, पण दिवस ठरवला तो ह्या कार्यक्रमामुळे. जॅनिसची गाणी आपल्याकडे कुणी चारचौघांत गातंय ह्याचंच मला केवढं अप्रूप! गाडी कसाऱ्याला रखडली, ठाण्यात उतरले तर ऑक्टोबरच्या उन्हाने अंगाची लाही झाली, पण कशाचंच काही वाटलं नाही. दुपारी मामलेदारची मिसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, थोडा वेळ तलावपाळीवर बसले आणि संध्याकाळी दहा नंबर फलाटावरून पनवेल गाडी पकडली. ठाण्याहून निघणारी ही लाइन मला फार आवडते. डावीकडे पारसिकचा डोंगर बराच वेळ सोबत करतो, आणि ऐरोली, रबाळे, घणसोली अशी नावं एकामागून एक येत राहतात.

तिकीट ७९९ रुपये होतं. पैशांचं दुःख नाही. गायला आलेली मुलगी जेमतेम बावीस-तेवीसची असेल, पण आवाज राखून ठेवावा असं तिच्या मनातही आलेलं दिसलं नाही. तिसऱ्या गाण्याला तिच्या मानेच्या शिरा तटतटून आल्या, घसा फाटतोय की काय असं वाटायला लागलं, आणि तो नेमका फाटायच्या काठावर थांबला. जॅनिसचं गाणं असंच गावं लागतं. माझ्या अंगावर काटा आला.

मग मध्यंतरात निवेदकाने प्रश्नमंजूषा काढली. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या गायकांची नावं तो घेणार, आणि कोण कशाने मेलं हे प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं. जिमी हेंड्रिक्स, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन, एमी वाइनहाउस. बरोबर उत्तराला एक शॉट फुकट. जॅनिसचं नाव आलं तेव्हा मागच्या टेबलावरून तिघे एकदम ओरडले, "हेरॉइन!" टाळ्या पडल्या. गाणारी मुलगी कोपऱ्यात पाणी पीत उभी होती. तिने खाली बघितलं.

मी उठले. दुसऱ्या भागातली गाणी राहिली ह्याची हळहळ अजून आहे, पण तिथे बसवेना.

परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात आम्ही सहा जणी आणि दारापाशी एक पोलीस. माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. पोर्ट आर्थर ह्या टेक्सासमधल्या तेलाच्या गावात १९४३ साली जन्मलेली मुलगी. वडील तेल कंपनीत इंजिनीअर. शाळेत तिच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांवरून, जाडीवरून चिडवायचे, आणि काळ्या लोकांची बाजू घेते म्हणून तर जास्तच. वीस वर्षांची असताना ती सॅन फ्रान्सिस्कोला पळाली. नशेने तिची इतकी दशा केली की १९६५ साली मित्रांनी पैसे गोळा करून तिला घरी जायच्या बसमध्ये बसवलं. घरी येऊन तिने केस बांधले, साधे कपडे घातले, कॉलेजात नाव घातलं. आपण नीट राहू शकतो हे आईवडिलांना आणि स्वतःलाही दाखवायचा तिने मनापासून प्रयत्न केला. वर्षभराने गाण्याने पुन्हा बोलावून घेतलं. १९६७ च्या जूनमध्ये माँटेरीच्या महोत्सवात ती गायली आणि तिचं नाव सगळीकडे झालं. पुढच्याच वर्षी तिच्या बँडची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आठ आठवडे होती.

ह्यातलं काहीही त्या प्रश्नमंजूषेत नव्हतं. बेसी स्मिथचं नाव तर तिथे कुणाला माहीतही नसेल. बेसी ही ब्लूज गाणारी फार मोठी काळी गायिका, १९३७ साली गेली, आणि तिच्या थडग्यावर तेहेतीस वर्षं साधा दगडही नव्हता. जॅनिस म्हणायची की गाणं मी हिच्याकडून शिकले. १९७० च्या ऑगस्टमध्ये त्या थडग्यावर दगड बसला, त्याचे अर्धे पैसे जॅनिसचे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ती स्वतः गेली.

घरी पोचले तर अकरा वाजून गेले होते. मामी जागीच होती. पिठलं-भात झाकून ठेवला होता. हॉटेलात कितीही चांगलं मिळो, रात्री उशिरा कुणीतरी आपल्यासाठी जेवण झाकून जागं राहतं ह्याची सर कशालाच नाही. माझं तोंड बघून तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मात्र म्हणाली, "कोण गं ही बाई, जिच्यासाठी एवढी आलीस? ह्यांच्या कॅसेटमधलीच ना?"

तीच. मामाने मित्राच्या तबकडीवरून ती साध्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली होती. वरच्या कागदावर निळ्या शाईत त्याच्या किरट्या अक्षरात 'पर्ल' एवढंच. जॅनिसची ही शेवटची तबकडी, ती गेल्यावर १९७१ च्या जानेवारीत आली. मामाला पेटीवर असली गाणी काढायचा नाद होता. तो एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. आमच्याकडे त्याची गोष्ट तीन शब्दांत सांगतात: दारूनं गेला बिचारा. लहानपणापासून मीही तेवढंच ऐकलं आणि खरं सांगायचं तर तेवढंच सांगत आले.

मामीचा टेपरेकॉर्डर तिच्या भजनी मंडळाच्या कॅसेटींसाठी अजून चालू आहे. त्याचं झाकण तुटलंय. कॅसेट बसवली की मामी त्यावर जिऱ्याची बरणी ठेवते, म्हणजे ती घट्ट बसते. बरणी ठेवून तिने बटण दाबलं आणि मेथी निवडायला बसली.

पहिल्याच गाण्याला तिचे हात थांबले.

"घसा सोलून गातेय गं ही," ती म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "हिला कुणी पाणी तरी द्या."

इंग्रजीचा एक शब्द मामीला कळत नाही, पण प्रत्येक गाण्याला तिची मान हलत होती. चार गाणी अशी गेली. पाचवं सुरू झालं. गिटार, ऑर्गन, ड्रम, सगळे जोरात, अगदी मजेत वाजवतायत. मामी वाट बघत होती.

"आता का नाही गात?"

मी सांगितलं. हे गाणं तिला दुसऱ्या दिवशी गायचं होतं. शनिवारी ती हॉलिवूडच्या स्टुडिओत गेली, वादकांनी वाजवलेलं ऐकलं आणि मोटेलवर परतली. खोली नंबर १०५. रात्री नशा केल्यावर ती लॉबीत सिगारेट घ्यायलाही येऊन गेली. रविवारी ती स्टुडिओत आलीच नाही, तेव्हा मॅनेजर बघायला गेला. सिगारेट विकत घेऊन उरलेले सुटे पैसे हातात तसेच होते. पुढे हे गाणं तबकडीत घातलं ते तसंच, तिच्या आवाजाशिवाय.

मामी काही बोलली नाही. गाणं संपलं. मामाने त्या बाजूला पुढे काही भरलं नव्हतं, त्यामुळे नुसती खरखर चालू राहिली. मी बटणाकडे हात नेला तर तिने नको अशी खूण केली.

"ह्यांनी पेटी दुरुस्तीला दिली होती," मामी म्हणाली. "भाता फाटला होता. शुक्रवारी आणायची ठरली होती. पावती खिशात होती शर्टाच्या. आणि हे गेले बुधवारी." मेथीची एक काडी ती बराच वेळ नखाने सोलत राहिली. "दिवसाला आलेल्या माणसांत एकानं विचारलं नाही की पेटी कुठाय म्हणून. सगळे बाटल्या कुठं ठेवायचा ते विचारत होते."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिला विचारलं, मग पेटी कुणी आणली? "मीच. तेराव्यानंतर. रिक्षात मांडीवर घेऊन आले." पेटी अजून तिथेच, पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. आदल्या दिवशी मी त्याच पलंगाखाली माझी बॅग सरकवली होती.

दुपारची गाडी मी सोडून दिली. फ्लेमिंगोंच्या तळ्यावर नेरूळला जाऊ, असं ठरवलं होतं, तेही राहिलं. तसंही ऑक्टोबरात फ्लेमिंगो नसतात.

खरखर चालूच होती. शेवटी मामीनेच जिऱ्याची बरणी उचलली, कॅसेट उलटी केली, बरणी परत ठेवली. दुसऱ्या बाजूला मध्येच एक गाणं येतं, त्यात वाद्य म्हणून नाही, नुसता तिचा आवाज आणि ताल धरलेला पाय. देवाकडे मोटार मागणारं गाणं, १ ऑक्टोबरला एका दमात गायलेलं. त्याच्या शेवटी ती मोकळी हसते.

"हसली बघ," मामी म्हणाली, आणि मागे घ्यायचं बटण स्वतः दाबलं.