दाढ काढायची होती म्हणून

आमच्याकडे दाढ काढण्याआधी औषधांची चौकशी होते. काकूंनी ती एका वाक्यात संपवली. "औषध एकही नाही, बीपीची गोळीसुद्धा नाही." वय 69, निवृत्त शिक्षिका, सोबत सून. खालची डावी दाढ उभी तडकलेली, तडा थेट मुळापर्यंत, हिरडीतून पू येत होता. रूट कॅनाल करून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भूल द्यावी म्हणून मी खुर्चीची पाठ खाली घ्यायला लागले आणि काकू ओरडल्या.

दाढेसाठी नाही, पाठीसाठी. "थांबा, थांबा, मला उताणं होता येत नाही." गादीवर चादर बसवताना वाकल्या तेव्हा पाठीत कळ आली होती, ती महिनाभर गेली नव्हती. पडल्या-बिडल्या नव्हत्या. लचक भरली असेल म्हणून मलम चोळत होत्या.

सून म्हणाली, "आई, ते हाडांचं इंजेक्शन सांगा ना यांना."

"ते कुठे घेतेय आता? दाढ काढायची म्हणूनच बंद केलं."

इंजेक्शन होतं डेनोसुमॅब. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी दर सहा महिन्यांनी 60 मिलिग्रॅम, त्वचेखाली. चार वर्षं त्यांनी ते नेमाने घेतलं होतं. मग दाढ दुखायला लागली, आणि कुणीतरी सांगितलं की हे इंजेक्शन चालू असताना दाढ काढली तर जबड्याचं हाड सडतं. त्यांनी पुढचा डोस टाळला, दाढेवर वेदनाशामक गोळ्यांनी वेळ मारून नेली. शेवटच्या डोसला दहा महिने झाले होते. आणि सहा महिन्यांतून एकदा टोचून घ्यायच्या गोष्टीला 'औषध' म्हणावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. असं अनेकांचं होतं. म्हणून आता आमच्या फॉर्मवर 'सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन किंवा सलाईन' अशी वेगळी ओळ आहे.

जबड्याची भीती पूर्ण खोटी नाही. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातल्या औषधांनंतर जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येण्याच्या केसेस 2003 पासून प्रसिद्ध व्हायला लागल्या. पुढे डेनोसुमॅबबाबतही दिसल्या. पण त्यातले बहुतेक रुग्ण कॅन्सरचे होते. हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी हेच डेनोसुमॅब 120 मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी देतात. हाडांच्या ठिसूळतेच्या डोसला हा धोका बराच कमी असतो. आम्हा दंतवैद्यांपैकी काही जण दोन्हींना एकच भीती घालतात, आणि माझ्या मते त्यात रुग्णाच्या काळजीपेक्षा स्वतःची कातडी वाचवणं जास्त असतं. 'आधी ते बंद करा, मग या' म्हणायला काही लागत नाही.

त्या दिवशी मी दाढेला हात लावला नाही. अँटिबायोटिक सुरू केलं आणि त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना, एन्डोक्रायनॉलॉजिस्ट मॅडमना, फोन केला. त्या आमच्याच इमारतीत बसतात. दुपारी एक्स-रे झाला, छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथले दोन मणके दबलेले. चार वर्षांपूर्वी कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 3.1 इतका खाली होता, तेव्हासुद्धा एकही मणका दबलेला नव्हता.

मॅडमनी काकूंना जे समजावलं ते मीही तिथे बसून ऐकलं. बिस्फॉस्फोनेट, म्हणजे आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन, हाडात जाऊन बसतं. थांबवलं तरी काही काळ त्याचा असर उरतो, म्हणून काही वर्षांनंतर त्याला सुट्टीही देतात. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते अडवून धरतं, आणि सहा महिने उलटले की अडवलेल्या पेशी एकदम कामाला लागतात, पूर्वीपेक्षाही जोरात. कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत निघून जाते. काही जणांचे त्यात एकाहून जास्त मणके दबतात.

काकूंनी शांतपणे विचारलं, "हे सुरू करताना मला कुणी सांगितलं होतं का?"

सांगितलं नव्हतं. इंजेक्शन दुसरीकडे सुरू झालं होतं, 'सहा महिन्यांतून एकदा, काही झंझट नाही' एवढ्याच माहितीवर.

"मग आता ते नकोच. दुसरं काहीतरी द्या."

इथून खरी चर्चा सुरू झाली. गोळी स्वस्त आणि जुनी, पण ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ राहावं लागतं. काकूंना छातीत जळजळीचा जुना त्रास, त्यात दबलेल्या मणक्यांनी ताठ बसणं शक्य नव्हतं. टेरीपॅराटाइड हे रोज टोचायचं, नवं हाड घडवणारं औषध सुनेने ऐकलं होतं. मोडलेल्या मणक्यांना घडवणारं औषध हवं, हे ऐकायला पटतंच. पण डेनोसुमॅबनंतर थेट त्यावर गेलं की खुब्याची आणि मणक्याची घनता आधी घटते, असं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. मॅडमनी ते बाजूला ठेवलं. उरले दोन पर्याय: झोलेड्रॉनिकचं सलाईन, किंवा तेच इंजेक्शन पुन्हा. सलाईनला किडनी ठीक लागते, ती होती. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, तेही काकूंना चालणार होतं. मॅडमचा कल मात्र इंजेक्शनकडे होता. उसळलेली झीज लगेच दाबायची तर तेच खात्रीचं, आणि सलाईन शेवटी, त्यातून बाहेर पडताना वापरायचं.

काकू म्हणाल्या, "बाहेर कसं पडायचं ते आधी लिहून द्या. मगच टोचा."

मॅडमनी लिहून दिलं. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांच्या आसपास झोलेड्रॉनिकचं सलाईन, पुढे रक्तातून हाडांच्या झिजेची तपासणी, गरज पडली तर पुन्हा सलाईन. कागद सुनेने फोटो काढून घरातल्या सगळ्यांना पाठवला.

दाढेवरून मात्र आमच्या दोघींत वाद झाला. मला दाढ काढून चार ते सहा आठवडे हवे होते, खड्डा भरला की मग इंजेक्शन. मॅडम म्हणाल्या, "मणके तुझ्या खड्ड्यासाठी थांबणार नाहीत." मी म्हटलं, पू असलेली दाढ तशीच ठेवून इंजेक्शन दिलं तर जबड्याला धोका त्या दाढेचाच जास्त. दोघींचंही खरं होतं. शेवटी ठरलं की दाढ त्याच आठवड्यात काढायची, हिरडी शिवून बंद करायची, आणि दोन आठवड्यांनी मी बघून होकार दिला की लगेच डोस. तोवर मॅडमनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतलं, कारण रक्तातलं कॅल्शियम कमी असताना हे इंजेक्शन देता येत नाही. मणके दबायला मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरसारखं दुसरं काही कारण नाही ना, याच्याही तपासण्या झाल्या. तसलं काही निघालं नाही.

दाढ मी काकूंना जवळजवळ सरळ बसवून, पाठीमागे दोन उशा देऊन काढली. खालची दाढ असल्याने ते जमलं, वरची असती तर माझीच पाठ गेली असती. टोकदार कडा घासून गुळगुळीत केल्या, टाके घातले. दोन आठवड्यांनी हिरडी मिटलेली होती, हाड कुठे उघडं नव्हतं. मी खाली फोन केला आणि काकू तशाच दुसऱ्या मजल्यावर जाऊन डोस घेऊन आल्या.

पाठीची कळ ओसरायला अडीच-तीन महिने लागले. दबलेले मणके पुन्हा उंच होत नाहीत, त्यामुळे गेलेली उंची गेलीच. काकू आता दात साफ करायला येतात तेव्हा पुढच्या डोसची तारीख स्वतःच सांगतात, आणि दाताचं काही काम निघालं तर तारखेच्या किती आधी ते उरकायचं तेही विचारून घेतात. सलाईनवर कधी जायचं हे अजून ठरलेलं नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचा पुढचा रिपोर्ट आला की मॅडम आणि त्या मिळून ठरवतील.