तुम्ही विचारलंत म्हणून: नामदेव तुमच्या ग्रंथात कसे?

मी नांदेडचा शीख. बाहेरगावी माझं मराठी ऐकलं की लोक जवळ येतात आणि हमखास विचारतात, "तुमच्या ग्रंथात, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबात, आमचे नामदेव कसे काय?"

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. १६०४ साली पाचवे गुरू अर्जनदेव यांनी अमृतसरला रामसर सरोवराच्या काठी बाणी, म्हणजे गुरूंची आणि भगतांची पदं, एकत्र केली, भाई गुरदासांनी लिहून काढली. गुरूंसोबत पंधरा भगत: विणकर कबीर, चर्मकार रविदास, मुसलमान शेख फरीद. नामदेवांची ६१ पदं. शेवटी म्हणायचो, "आपलं सगळं एकच हो." ते वाक्य आज सलतं. नामदेवांना मी ओळखपत्रासारखं पुढे करत होतो.

आणि ती पदं मी वाचलीच नव्हती. मला गुरुमुखी, म्हणजे ग्रंथाची लिपी, येत नव्हती.

वडील गेले तेव्हा घरी सहज पाठ, म्हणजे सवडीने केलेलं संपूर्ण ग्रंथाचं वाचन, ठेवला होता. भोगाच्या, म्हणजे पाठाच्या समाप्तीच्या, आदल्या संध्याकाळी पाठी, म्हणजे वाचणारे, आजारी पडले. आत्या म्हणाली, "बेटा, दोन अंग तू वाच." पानांना आम्ही अंग म्हणतो. हात धुतले, बसलो, ग्रंथावरचं वस्त्र, रुमाला, बाजूला केला. मागे चुलतभाऊ ग्रंथावर चौर (चवरी) ढाळत होता. समोर काळीभोर अक्षरं, एकही लागेना. मान वर करायची हिंमत नव्हती. चौरचा वारा मानेला लागत राहिला. कुणी खाकरलंसुद्धा नाही. शेवटी आत्या उठून शेजारी आली, मला सरकवलं आणि वाचू लागली. मी भिंतीशी जाऊन बसलो. वडिलांसाठी दोन अंग. तेवढंही नाही.

शाळा मराठी, दुकान मराठी, कधी शिकणार होतो? हे कारण मी बरीच वर्षं दिलं. कारण होतं की पळवाट, अजून ठरवता येत नाही.

चाळिशीत पैंतीस अक्षरी, म्हणजे गुरुमुखीची मुळाक्षरं, गिरवली. अक्षर अक्षर लावत अंग ४८५ वर आलो: "आनीले कुंभ भराईले ऊदक". आणिले, भरिले! देवाला आंघोळ घालायला घागर भरली, तर पाण्यात आधीच बेचाळीस लाख जीव, आणि विठ्ठल त्यांच्यातच. पुढे ब, ईकार, ठ, ल, खाली उकार. बीठलु. तिथे बराच वेळ थांबलो.

पण अंग ११६४ सुद्धा वाचा. हसतखेळत देवळात आलेल्या नाम्याला भक्ती करताना धरून उठवलं, आणि तो विचारतो, छीप्याच्या (कापड छापणाऱ्याच्या) घरी जन्माला का आलो? "आमचे नामदेव" म्हणताना हेही आपलं म्हणा.

आणि हे संतवचनांचं पुस्तक नव्हे. १७०८ साली इथेच, गोदावरीकाठी, गुरू गोविंदसिंगांनी गुरुगद्दी, म्हणजे गुरूचं स्थान, ग्रंथाला दिली. त्यांनी वडिलांची बाणी त्यात घातली, स्वतःची नाही. आम्ही गुरूपुढे माथा टेकतो, म्हणजे नामदेवांच्या शब्दांपुढेही. मग ते तुमचे की आमचे? गाथेतले नामदेव आणि हे नामदेव एकच का, यावरही अभ्यासकांचा वाद आहे. मला त्यात पडायचं नाही.

पुढच्या वेळी विचारलंत तर आधी ते पद वाचून दाखवीन. अजून अडखळतो, थोडं थांबावं लागेल.