विकू नये, भाड्याने देऊ नये, पाडू नये

जपानमधल्या नागोयात दुभाषी म्हणून माझे बहुतेक दिवस कारखान्यांच्या बैठकांत जातात. त्यामुळे पुण्याहून आलेल्या दोन वास्तुविशारदांना किसो खोरे दाखवण्याचे काम आले, तेव्हा गाडी चालवण्याची जबाबदारीही मी आनंदाने घेतली. जुने वाडे वाचवण्यात दोघांची हयात गेलेली. त्यामुळे निसर्गशोभेपेक्षा त्यांचे लक्ष छपरांकडे अधिक होते.

एदो (म्हणजे आजचे तोक्यो) आणि क्योतो यांना डोंगरांतून जोडणाऱ्या नाकासेंदो मार्गावर ६९ मुक्कामाची गावे होती आणि त्यांपैकी ११ या खोऱ्यात आहेत. त्यांतले मागोमे मागे टाकून आम्ही घाट चढू लागलो. जुनी पायवाट डांबरी रस्त्याला जागोजागी छेदून जाते आणि तिच्या कडेला अस्वलांना दूर ठेवण्यासाठी पितळी घंटा टांगलेल्या दिसतात. दोघांपैकी एक असलेल्या मॅडमनी गाडी थांबवायला लावून त्यातली एक जोरात वाजवली.

पुढच्या त्सुमागो गावाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा वाहनांना मज्जाव असल्याने गाडी खाली वाहनतळावर लावली. विजेच्या तारा नजरेआड नेलेल्या, लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, काही छपरांवर फळ्या दाबून धरणारे दगड. पाहताना वाटते की काळ इथे आपोआप थांबला असावा. तसे झालेले नाही. १९११ मध्ये पूर्ण झालेली रेल्वे किसो नदीच्या काठाने गेली, गाव बाजूला पडले, तरुण मंडळी बाहेर गेली आणि घरे मोडकळीस आली. १९६८ मध्ये दुरुस्तीला सुरुवात झाली, १९७१ मध्ये गावकऱ्यांनी घर विकू नये, भाड्याने देऊ नये, पाडू नये असा ठराव केला आणि १९७६ मध्ये सरकारी संरक्षण मिळाले. आधी गाव, मग सरकार, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एका चहाच्या दुकानात गोहेइ मोची (काडीवर भाजलेला भाताचा गोळा) खाताना मॅडमनी मालकांना विचारले, "आणि भाऊबंदकी झाली तर?" असा घरगुती प्रश्न परक्या माणसाला विचारताना मी जरा अवघडलो, पण आजोबा मनमोकळे हसले. भांडणे इथेही होतात, असे ते म्हणाले, मात्र दर्शनी भागाला हात लावायचा तर गावाच्या मंडळापुढे जावे लागते, तिथे शेजारीच बसलेले असतात आणि शेजाऱ्यांना नाही म्हणणे कठीण जाते. बोलता बोलता त्यांनी दाराच्या खाचेत पाणी साचून कुजलेला भाग कापून तेवढ्यापुरता नवा हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, तुकडा बसवलेला दाखवला. मॅडमनी तो सांधा बोटाने चाचपला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्यावर बसून त्याची मापे घेतली.

पुढे १९ क्रमांकाचा महामार्ग नदीला धरून चालतो. दोन्ही बाजूंच्या उतारांवर त्याच हिनोकीचे रान आहे. ओवारीच्या, म्हणजे जुन्या नागोया संस्थानाच्या, सरदारांच्या काळात हे झाड चोरून तोडणाऱ्याचे शिर जाई, असे सांगतात. इसेचे शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यासाठीही इथले लाकूड जाते. याच खोऱ्यातल्या किसो-फुकुशिमाचा जुना तपासणी नाका आम्ही घाईने पाहिला. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांवर तिथे विशेष नजर असे, हे ऐकून मॅडमनी फक्त भुवया उंचावल्या.

बोगदा ओलांडून नाराई या मुक्कामाच्या गावी पोहोचेपर्यंत उन्हे कलली होती. परतीच्या वाटेवर मॅडमनी ठरावाच्या तीन अटी मराठीत लिहून मागितल्या. पुण्यात पाडू नये हे कायद्याने निदान सांगता तरी येईल, असे त्यांचे मत पडले; विकू नये मात्र कोणी ऐकणार नाही. यावर दोघांत जुंपलेला वाद नागोया येईपर्यंत मिटला नव्हता.