पिंपळफाट्यापर्यंतची सीट

दिवाळीच्या आठवड्यातला सोमवार. लातूरहून संध्याकाळी सुटणारी अंबाजोगाई गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडल्या. आसनं 44 आणि माणसं त्याच्या दीडपट. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बाजार, माहेर, दवाखाना सगळं एसटीनंच होतं. त्याचा मला आनंदच आहे, पण सणाच्या दिवसांत वाहकाचं निम्मं काम जागा लावण्यातच जातं.

गाडी सुटायच्या आधीच पुढून तिकिटं फाडायला सुरुवात केली होती. ज्येष्ठ नागरिकांसाठी असं लिहिलेल्या सीटवर तिशीतला एक जण बसला होता, फुल बाह्यांचा शर्ट घातलेला. त्यानं हळूच घडी घातलेला कागद दाखवला. डायलिसिसवाल्यांना सवलत आहे, त्याचं प्रमाणपत्र होतं ते. मी तिकीट दिलं आणि कागद वाचून न दाखवता परत केला.

तेवढ्यात काठी टेकत एक आजोबा चढले. पंचाहत्तरीच्या पुढचे, आधार कार्ड हातातच.

"ऊठ की रे लेकरा, म्हाताऱ्याची जागा हाय ती."

तो उठला नाही. आजूबाजूला आवाज चढले. "हातपाय धड हाईत, तरी बसलाय बघा!"

पाटी बघितली तर आजोबांचं खरं होतं. पण चार तास मशीनवर राहून, अंगातलं पाणी काढून आलेल्या माणसाचं बीपी उभं राहिल्यावर पटकन खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला तयार केलेली नस असते, त्या हातावर दाब किंवा ओझं येऊ द्यायचं नसतं. त्या हातानं बीपीसुद्धा मोजत नाहीत. अशा माणसाला एवढ्या लांबच्या रस्त्यात, गर्दीचे रेटे खात वरचा दांडा धरून उभं करायचं? मी नाही करणार.

अशा वेळी "कोणीतरी जागा द्या हो" असं ओरडून काही होत नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघतो. एकालाच, जवळ जाऊन, त्याच्याशी बोलावं लागतं. आणि तो एक कोण, हे तिकिटांवरून ठरतं. कुठल्या बाकावरचा कुठं उतरणार, हे डोक्यात ठेवलं की निम्मं काम झालं. शेवटपर्यंत जाणाऱ्यानं अर्धा तास थांबून जागा धरलेली असते, त्याला उठवणं जड जातं. जवळ उतरणारा लवकर ऐकतो.

चौथ्या बाकावर कॉलेजची दोन पोरं होती, दोघांची तिकिटं रेणापूर पिंपळफाट्याची. कडेच्याला म्हटलं, "बाळा, तुझा अर्ध्या तासाचा प्रवास आहे. आजोबांना बसू दे." लगेच उठला.

रिकामी दिसेल ती सीट म्हाताऱ्या माणसाला देऊन चालत नाही. मागच्या चाकांच्या मागे गाडी सगळ्यात जास्त उसळते, कंबर धरते. चाकावरच्या सीटवर गुडघे वर येतात, मग उठताना आधार लागतो. दोन्ही चाकांच्या मधली जागा बरी, आणि खिडकीपेक्षा कडेची, म्हणजे उठताना दांडा हाताशी राहतो. आजोबा टेकले, काठी सीटखाली गेली, तेव्हाच मी डबल बेल दिली. माणसं पडतात ती बहुतेक गाडी हलताना आणि गतिरोधकाला ब्रेक लागल्यावर.

तरी एका मावशीनं विचारलंच, "मास्तर, त्याला का उठवत नाहीत?"

"त्यांचं तिकीट मी बघितलंय, मावशी. ती सीट त्यांचीच आहे."

एवढंच बोललो. आजार त्याचा होता, भर गाडीत सांगायचा हक्क मला नव्हता.

पिंपळफाट्याला पोरं उतरली, बर्दापूरला बरीच गाडी मोकळी झाली. वाऱ्यासाठी त्यानं बाही जरा वर सारली, तर डाव्या दंडाखाली पट्टी आणि चिकटवलेला कापूस दिसला. आजोबांनी ते पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

अंबाजोगाईला सगळे उतरेपर्यंत मी त्याला बसवून ठेवलं. मग म्हटलं, आधी नुसते उठून मिनिटभर थांबा, दांडा उजव्या हातानं धरा. दाराखाली आजोबा उभेच होते. त्यांनी आपली काठी वर केली. "हिला धर अन् सावकाश उतर, लेकरा."

त्यानं काठी धरली.