तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्या की अ‍ॅब्लेशन?

“गोळ्याइनं भागत होतं ना काकू, मंग ते अ‍ॅब्लेशन कायले केलं?” हा प्रश्न मला आमच्या आर्णी तालुक्यात वारंवार विचारला जातो (अ‍ॅब्लेशन म्हणजे हृदयात नळी नेऊन बिघडलेल्या ठोक्यांवर करायचा उपचार), आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुधा हाच निर्णय अडलेला असतो.

माझा आजार एट्रियल फिब्रिलेशनचा. यात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरतात, नाडी अनियमित चालते आणि कप्प्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. अ‍ॅब्लेशन केले की रक्त पातळ करणारी गोळी सुटेल, या आशेवर पुष्कळ जण निर्णय घेतात. पण ती गोळी वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते. माझे वय ६५च्या पुढे, त्यात शुगर आणि बीपी, म्हणून ठोके सुधारल्यावरही माझी ती गोळी चालूच आहे.

तेव्हा निवड उरते ती धडधडीच्या त्रासापुरती. मेटोप्रोलॉलने ठोक्यांचा वेग आवरला, तरी चार पावले चालले की दम लागत असे. मग अ‍ॅमिओडॅरोन सुरू झाले. त्याने लय बऱ्यापैकी टिकली. मात्र या औषधावर थायरॉईड आणि यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, फुप्फुसांवर लक्ष ठेवावे लागते, आणि त्वचेला ऊन सोसत नाही. कापूस वेचताना साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला दुपट्टा असूनही माझ्या हातांची पाठ भाजल्यासारखी लाल होऊन रात्रभर आग होई. शेतावर जगणाऱ्या माणसाने हे औषध वर्षानुवर्षे घ्यायचे असेल, तर डॉक्टरांशी उन्हाविषयी बोललेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून नळी हृदयात नेतात आणि फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाभोवतीचा भाग उष्णतेने किंवा थंडीने निकामी करतात, कारण चुकीचे विद्युत संदेश बहुतेकदा तिथूनच उठतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कबाना’ या २,२००हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू आणि पक्षाघात यांसारख्या मुख्य परिणामांत अ‍ॅब्लेशन आणि औषधे या दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही; मात्र अ‍ॅब्लेशनच्या गटात आजार कमी वेळा उलटला आणि रोजचे जगणे अधिक सुसह्य झाले. मला तेवढेच हवे होते. काहींना ते पुन्हा करावे लागते, आणि क्वचित हृदयाभोवती रक्त साचण्यासारखी गंभीर गुंतागुंत होते, हेही मला आधी सांगितले होते.

माझे उत्तर सर्वांना लागू नाही. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेली असेल, तर आधी झडपेचा विचार करावा लागतो. उलट धडधड एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक उठणाऱ्या वेगवान पण नियमित ठोक्यांची निघाली, तर अ‍ॅब्लेशनने ती बहुतेकांची कायमची थांबते.

म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा, कारण नागपूरला पोहोचेपर्यंत ठोके पुष्कळदा पूर्ववत झालेले असतात आणि डॉक्टरांना पाहायला काहीच उरत नाही. तो कागद उष्णतेने छापलेला असल्यामुळे आमच्याकडच्या उन्हाळ्यात लवकर पुसट होतो. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.